दुसऱ्यांदा आलेले बोलावणे

बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी धावांवरून काढत नाहीत. दहा संधींत यशस्वी फटके किती, एवढाच हिशेब. दहात तीन जमले तरी माणूस नावाजला जातो. बॉस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने १९४१च्या हंगामात दहात चारांहून अधिक मारले. सरासरी ०.४०६. अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये पुढे हे कुणालाच साधलेले नाही.

त्याच डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला. आई अवलंबून असल्याने टेडला सक्तीच्या भरतीतून सवलत होती. लोकांनी त्यावरून त्याला धारेवर धरले. मे १९४२मध्ये तो नौदलाच्या राखीव दलात गेला, मरीन दलाचा वैमानिक झाला आणि पेन्साकोलाला शिकाऊंना विमान शिकवू लागला. १९४३ ते ४५, तीन हंगाम कोरे. पण तेव्हा डिमॅजिओ, फेलर, ग्रीनबर्ग असे बडे बडे खेळाडूही लष्करी गणवेशातच होते. नुकसान सगळ्यांचेच होते. १९४६ला तो परतला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

खरा अन्याय पुढचा, असे मला वाटते. कोरियातल्या युद्धासाठी मरीन दलाला तयार वैमानिक कमी पडले आणि राखीव यादीतली जुनी नावे निघाली. १९५२मध्ये टेड ३३ वर्षांचा, बायको-मुलीचा संसार असलेला. या वेळी बाकी बहुतेक खेळाडू मैदानावरच राहिले. आपले नाव मोठे म्हणूनच आपल्याला उचलले, हा राग त्याने कधी लपवला नाही. तरी ३० एप्रिलला, जाण्यापूर्वीच्या अखेरच्या संधीत, त्याने होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेरचा फटका, ठोकला.

फेब्रुवारी १९५३मध्ये जमिनीवरून झालेल्या माऱ्यात त्याचे पँथर जेट पेटले. बाहेर उडी घ्यावी, तर सव्वासहा फुटी देहाचे गुडघे कॉकपिटवर आपटून फुटण्याची धास्ती. त्याने चाके न उघडताच विमान सुवॉनच्या धावपट्टीवर पोटावर घासत उतरवले आणि बाहेर पळाला. अशा ३९ मोहिमा त्याने केल्या. काहींत सोबतीला जॉन ग्लेन, पुढचा अंतराळवीर.

त्या उन्हाळ्यात परतून उरलेल्या हंगामात ३७ सामन्यांत सरासरी ०.४०७! कारकिर्दीतले ५२१ होमरन युद्धे नसती तर किती झाले असते, याची बेरीज अमेरिकेत आजही मांडतात. मला ती फारशी पटत नाही. खेळ काही फक्त युद्धामुळेच हुकतो असे नाही. जळत्या विमानातून धडधाकट सुटलेला हा गडी १९५४च्या सराव शिबिरात, सुरुवातीलाच चेंडूमागे धावताना पडून हासळीचे हाड मोडून बसला होता.