सॅक सात किलोची, यादी वेगळीच

मैत्रिणींनो, येत्या एप्रिलात आम्ही चौघीजणी तुर्कस्तानात भूमध्य समुद्राच्या काठाने चालणार आहोत! वाटेचं नाव 'लिशियन वे'. फेथियेपासून अंताल्याकडे जाणारी, पाचशेहून अधिक किलोमीटरची. केट क्लो या तिथे स्थायिक झालेल्या ब्रिटिश बाईंनी खुणा करून ती १९९९ मध्ये खुली केली.

सगळी वाट आपल्याच्याने कुठली व्हायला! ओलुदेनिझहून फारालया, कबाक करत चार दिवसांचीच चाल ठरवलीय. उन्हाळ्यात तिथेही ऊन मी म्हणतं, म्हणून एप्रिल. दगडांवरचे लाल-पांढरे पट्टे बघत चालायचं, रात्री गावातल्या घरगुती पेन्शनमध्ये उतरायचं. म्हणजे तंबूचं ओझं नको. वाटेतल्या पाण्याच्या टाक्यांचा मात्र भरवसा धरायचा नाही, पाणी जवळ हवंच.

सॅकची यादी तासाभरात झाली. 'मी नसताना'ची यादी आठवडाभर संपेना. सासूबाईंच्या गोळ्या, दूधवाला, गॅस... शेवटी ह्यांना म्हटलं, "तुम्हीच करा." अन् काय सांगू, गोळ्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ!

आता रोज पहाटे गावामागची टेकडी. सॅकमध्ये सध्या सात किलो तांदूळ आहेत.