काजू खाण्याचे फायदे: किती खावेत, कोणी खावेत आणि परवडत नसतील तर काय?

काजू म्हटले की दिवाळीचा फराळ, लग्नातला पुलाव किंवा पाहुण्यांसमोर ठेवलेली ताटली आठवते. रोजच्या जेवणात त्याला जागा नसते. दुसरीकडे मोबाईलवर नवनवे संदेश फिरत असतात. काजूने कोलेस्टेरॉल वाढते, काजूने साखर वाढते, काजूने नैराश्य पळते! वसई, नालासोपारा, विरारमध्ये बेताच्या पगारात घर चालवणाऱ्या कुटुंबाने यातले काय खरे मानायचे? आम्ही इथे ते साध्या शब्दांत मांडत आहोत.

काजू आपल्याच मातीतला

काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले. पुढे ते सगळ्या कोकणात पसरले. आज सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी हे महाराष्ट्रातले काजूचे मुख्य जिल्हे आहेत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. आपल्या पालघर जिल्ह्यातही जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या डोंगराळ भागात आदिवासी शेतकऱ्यांनी आंब्याबरोबर काजूच्या वाड्या लावल्या आहेत.

काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे. बिब्बा अंगावर उततो हे आपल्या आजीला माहीत होते. काजूच्या टरफलातला चीकही तसाच कातडी भाजतो. म्हणून बी आधी वाफवावी किंवा भाजावी लागते. बाजारात 'कच्चा' म्हणून मिळणारा काजूसुद्धा खऱ्या अर्थाने कच्चा नसतो. टरफल फोडून गर सोलण्याचे काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात आणि त्या चिकाचे चट्टे त्यांच्या हातांवर उमटतात. काजू महाग का, याचे एक उत्तर या कष्टात आहे.

एका मुठीत काय मिळते?

एक मूठ म्हणजे साधारण ३० ग्रॅम. मध्यम आकाराचे १६ ते २० काजू. त्यातून सुमारे १६५ कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिने आणि १३ ग्रॅम स्निग्ध पदार्थ मिळतात. सोबत सुमारे ८५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम, २ मिलिग्रॅम लोह, दीड मिलिग्रॅमहून जास्त जस्त आणि चांगल्या प्रमाणात तांबे असते. मॅग्नेशियम स्नायू आणि नसांच्या कामाला लागते, जस्त रोगप्रतिकारशक्तीला. शरीराला लोह नीट वापरता यावे म्हणून तांबे लागते.

लोहाचा प्रश्न आपल्या घरातलाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा स्त्रीला काजूचा उपयोग आहे, पण तो औषध नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते. मूठभर काजूतून २ मिळते. बाकीचे पालेभाजी, कडधान्ये, बाजरी-नाचणी, मासे-मटण यांतून आणि गरज असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांतून यायला हवे. काजू चहासोबत खाल्ला तर चहा लोह शोषू देत नाही. त्यापेक्षा काजू घातलेल्या उसळीवर लिंबू पिळा.

कोलेस्टेरॉल आणि साखरेचे काय?

काजूत कोलेस्टेरॉल मुळीच नसते. ते फक्त प्राणिज पदार्थांत असते. काजूतल्या स्निग्धांशापैकी निम्म्याहून अधिक भाग हृदयाला मानवणाऱ्या प्रकारचा आहे.

चेन्नईतल्या डॉक्टरांनी ३०० मधुमेही रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला नेहमीच्या पथ्याच्या आहारासोबत १२ आठवडे रोज ३० ग्रॅम बिनमिठाचे काजू दिले. त्यांचे चांगले कोलेस्टेरॉल वाढले, रक्तदाबाचा वरचा आकडा थोडा उतरला. वजन वाढले नाही, साखरही बिघडली नाही. पण साखर कमीही झाली नाही, हे लक्षात ठेवावे. म्हणजे मधुमेहींनी काजूला घाबरू नये आणि काजूवर विसंबून गोळ्याही सोडू नयेत.

नैराश्याच्या गोळीऐवजी दोन मुठी काजू खा, हा संदेश तर धोकादायक आहे. काजूत ट्रिप्टोफॅन नावाचा उपयुक्त घटक असतो, पण म्हणून काजू हे औषध ठरत नाही. मानसिक आजाराची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही बंद करू नयेत.

परवडत नसतील तर?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिली गोष्ट, तुकडा काजू घ्या. बाजारात अख्ख्या काजूची प्रत त्याच्या आकारावर ठरते. डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० या आकड्यांचा अर्थ एका पौंडात साधारण तितके काजू. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. तुकडा स्वस्त पडतो आणि पोषणात तसूभरही कमी नसतो. भाजीत, खिरीत, मुलांच्या लाडवात तुकडाच शोभतो.

दुसरी गोष्ट, शेंगदाण्याला कमी लेखू नका. काजूत लोह, जस्त, तांबे, मॅग्नेशियम जास्त आहे. पण प्रथिने, तंतू आणि गरोदर स्त्रियांना आवश्यक असलेले फोलेट शेंगदाण्यात काजूपेक्षा जास्त आहे, तेही काजूच्या तुलनेत बऱ्याच कमी किमतीत. चार-पाच काजू, मूठभर शेंगदाणे आणि भाजलेले चणे एवढे डब्यात असले, तर संध्याकाळी चर्चगेटहून विरार गाठेपर्यंतची भूक वडापाव आणि फरसाणाशिवाय भागते.

तिसरी गोष्ट, बोंडू फेकू नका. बोंडात क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी जास्त असते. मार्च ते मेमध्ये गावाकडून कोणी आणले, तर फोडींना मीठ लावून खा.

ही काळजी घ्या

खारवलेले, तळलेले काजू रक्तदाब असणाऱ्यांनी टाळावेत. काजूकतली हा साखरेचा पदार्थ आहे, तिला काजूच्या हिशोबात धरू नये. काजूची ॲलर्जी काही जणांना जिवावर बेतू शकते. खाल्ल्यावर ओठ सुजले किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा. मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा काजू देऊ नका, घशात अडकतो. पूड करून द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात काजू पटकन सादळतात आणि त्यांना खवट वास येतो. म्हणून थोडेच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बुरशी दिसली तर सरळ टाकून द्या.

आणि शेवटी वाटणीचा प्रश्न. घरात काजू आले की आधी पाहुणे, मग कर्ता पुरुष, मग मुलगा, आणि उरलेच तर मुलगी आणि तिची आई, ही चाल अजून अनेक घरांत दिसते. पाळी सुरू झालेली मुलगी, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई यांच्या शरीराला लोहाची, जस्ताची गरज अधिक असते. महिन्याला पावशेरच काजू येत असतील, तर पहिली मूठ त्यांच्या हातात पडायला हवी.