रुजू झालो, आता राहायचे की निघायचे?

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही आपल्या पणजोबांच्या काळची प्रतवारी. मराठवाड्यात ती केव्हाच उलटी झाली आहे. पाऊस दगा देतो, सोयाबीनला भाव मिळत नाही, आणि मग घरातला एक मुलगा किंवा मुलगी महिन्याच्या पगाराला लागावी एवढीच आईवडिलांची इच्छा उरते. आपल्यापैकी बहुतेकजण कला शाखेची पदवी घेऊन याच वाटेने जाणार आहेत. नोकरी कशी मिळवावी यावर व्याख्याने पुष्कळ होतात, नांदेड-लातुरात तर त्यासाठीच्या शिकवणी वर्गांच्या पाट्यांनी रस्ते भरून गेले आहेत. पण मिळालेली नोकरी पहिल्या दोन-तीन महिन्यांतच नकोशी वाटू लागली तर काय करावे, याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. तो विचार या लेखात करायचा आहे.

हा प्रश्न आपल्याकडे अधिक अवघड होतो, कारण नोकरी एकट्याची नसते. नियुक्तीपत्र आले की पेढे गावभर वाटले जातात. कुठे बहिणीचे लग्न त्या पगाराच्या भरवशावर ठरलेले असते, कुठे सोसायटीचे कर्ज फेडायचे असते. अशा वेळी ‘मला तिथे बरे वाटत नाही’ हे वाक्य घरी उच्चारणेही अपराधासारखे वाटते. मग काहीजण वर्षानुवर्षे कुढत राहतात, तर काहीजण एक दिवस कोणाला न सांगता सामान उचलून गावी परततात. पहिल्यात आयुष्य झिजते आणि दुसऱ्यात आगीतून फुफाट्यात पडण्याची भीती असते. दोन्हींचे मूळ एकच: नेमके काय खुपते आहे, हे माणसाने स्वतःला नीट विचारलेले नसते.

खुपण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील. पहिला नवखेपणाचा. उदगीरकडच्या खेड्यातील मुलगा चाकणच्या कारखान्याच्या कचेरीत जातो. तिथली भाषा वेगळी, जेवण वेगळे, साहेबांचे बोलणे तुटक. आपल्या बोलीला कोणी हसले की तो खोलीवर येऊन गप्प बसतो. हे दुःख खरे असते. पण ते नोकरीचे नसून घर सुटल्याचे असते. दुसरी नोकरी धरली तरी ते सोबतच येते, आणि दिवस सरतात तसे बहुधा ओसरते. दुसरा प्रकार नावडीचा. काम प्रामाणिक आहे, पगार वेळेवर आहे, माणसेही वाईट नाहीत. पण ज्याला शिकवायची हौस आहे त्याच्या नशिबी दिवसभर आकडे भरणे आले. येथे घाईचे कारण नसते, हिशेबाचे असते. तिसरा प्रकार अन्यायाचा. सांगितलेला पगार हातात पडत नाही, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या जातात, कर्जवसुलीला पाठवून बायामाणसांना दमदाटी करायला सांगितले जाते, जातीवरून किंवा बाई म्हणून अपमान होतो. हा प्रकार काळाने निवळत नाही. उलट आपण जितके थांबतो तितका तो अंगवळणी पडतो, आणि हीच त्यातली सर्वांत घातक गोष्ट आहे.

या तिसऱ्या प्रकाराचे मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर बडोदा संस्थानाची दहा वर्षे सेवा करावी, असा करार होता. त्याप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. शहरात राहायला कोणी जागा देईना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना धर्मशाळा सोडायला लावली. ओळखीच्या दोघांनी निवारा देण्याचे टाळले. अखेर कामाठी बागेत काही तास काढून त्यांनी मुंबईची गाडी धरली. एवढा विद्वान माणूस, समोर उच्च पद, डोक्यावर करार. पण जिथे रात्री अंग टाकायला जागा नाही तिथे ‘थोडे दिवस कळ काढा’ हा सल्ला निरर्थक ठरतो.

याच्या पुढचा भाग मात्र आपण क्वचित आठवतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. अपमान तिथेही चुकला नाही. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. तरीही या खेपेस ते लगेच निघाले नाहीत. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण चार वर्षांच्या आत परत येऊन पुरे करण्याची मुभा त्यांना विद्यापीठाने दिलेली होती. त्यासाठी पैसा हवा होता. त्यांनी पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज त्यात मिळवले आणि मार्च १९२० मध्ये ती चांगली नोकरी सोडून ते लंडनला गेले. बडोदे त्यांना सोडावे लागले. सिडनहॅम त्यांनी ठरवून सोडले. पहिल्या वेळी थांबणे शक्यच नव्हते. दुसऱ्या वेळी थांबण्याला हेतू होता आणि मुदतही होती. सोडावे की राहावे याचे उत्तर अपमान किती झाला एवढ्यावरच ठरत नाही. थांबून आपल्या हाती काय पडणार आहे, हेही त्यात पाहावे लागते.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या स्वामी रामानंद तीर्थांनीही एक चांगले चाललेले काम मागे ठेवले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईत ते शिक्षक होते. १९३८ च्या सत्याग्रहासाठी त्यांनी शाळा सोडली. पण शिक्षणाशी असलेले नाते तुटले नाही. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. जागा सोडणे आणि काम सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या चरित्रावरून समजते.

आता हिशेबाकडे वळू. समजा, एखाद्याला पुण्यात महिना १८,००० रुपये हातात पडतात. खोलीतल्या कॉटचे भाडे ३,५००, मेस ३,५००, जाणे-येणे १,००० आणि किरकोळ १,५००, म्हणजे स्वतःचा खर्च ९,५००. घरी ५,००० पाठवले तर शिल्लक ३,५००. नोकरी सोडून तीन महिने तिथेच राहून दुसरी शोधायची तर २८,५०० रुपये गाठीशी हवेत, आणि तेवढे साठायला आठ महिन्यांहून अधिक लागतात. घरी जाऊन शोधायची तर रक्कम बरीच कमी लागेल, पण मुलाखतींना ये-जा वाढेल. हे आकडे ज्याने त्याने आपले घालावेत. नावडीच्या नोकरीत असा आकडा आणि एक तारीख वहीत लिहून ठेवली की मन बरेच स्थिर होते. नाहीतर घोंगडे भिजत पडते.

कागदपत्रांची बाजूही समजून घेतली पाहिजे. खाजगी शाळांसाठीच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे कायम नसलेल्या कर्मचाऱ्याने एक महिन्याची आणि कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. सरकारी नोकरीत असताना दुसऱ्या सरकारी पदासाठी कार्यालयाच्या परवानगीने अर्ज केला असेल तर मागील सेवा सर्वसाधारणपणे धरली जाते. नुसता राजीनामा दिला तर ती बुडते. कंपन्यांत किती दिवसांची सूचना द्यायची हे नियुक्तीपत्रात लिहिलेले असते. ते पत्र आपण पगाराच्या ओळीपलीकडे वाचत नाही, ही आपली सवय मोडली पाहिजे.

बॉंडबद्दल दोन टोकाचे समज आहेत. एक, त्याला काडीचीही किंमत नाही. दुसरा, तो केला की सुटकाच नाही. दोन्ही चुकीचे आहेत. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरावेत, ही विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. भरतीला बँकेचा खर्च आणि वेळ जातो, आणि ही अट माणसाला दुसरीकडे काम करण्यास मनाई करत नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजे रास्त रक्कम मागता येते. पण इच्छेविरुद्ध कामावर बसवून ठेवता येत नाही. मूळ गुणपत्रिका मात्र कोणाच्याही ताब्यात देऊन ठेवू नयेत. पडताळणीसाठी दाखवाव्यात आणि साक्षांकित प्रती द्याव्यात. भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. ती रक्कम काढून खर्च करण्याऐवजी नव्या नोकरीत वळती करावी, कारण त्या योजनेतील निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते.

लैंगिक छळाच्या बाबतीत दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असलीच पाहिजे. लहान कचेरीतील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. नोकरी सोडली म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही, ही गोष्ट आपल्या मैत्रिणींनी ध्यानात ठेवावी.

राहिले घरच्यांना सांगणे. वडिलांना ‘मन लागत नाही’ एवढेच सांगितले तर त्यांना ते लाडाचे वाटते. पण काय घडते, किती शिल्लक आहे, कोणत्या तारखेपर्यंत थांबणार आणि पुढे काय करणार, या चार गोष्टी सांगितल्या तर शेतीचा जमाखर्च जन्मभर मांडलेला माणूस त्या समजून घेऊ शकतो. फोनवर भांडण्यापेक्षा एक रविवार गावी जाऊन बोलावे. निघायचे ठरले तर राजीनामा लेखी द्यावा, पोच घ्यावी, हातातले काम नीट सोपवावे आणि कार्यमुक्तीचे पत्र घेऊनच बाहेर पडावे.

हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असे वडीलधारे सांगतात ते खोटे नाही. मात्र हातात जे आहे ते निखारा आहे की नुसता जड दगड, हे हात ज्याचा त्यालाच कळते. दगड असेल तर उतरवायची जागा पाहून तो सावकाश खाली ठेवता येतो. निखारा असेल तर जागा पाहत बसू नये, आणि तो टाकला म्हणून कोणी आपल्याला भित्रे म्हटले तरी ते मनावर घेऊ नये.