त्वरित पदव्युत्तर पदवी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र)

त्वरित पदव्युत्तर पदवी ही प्रामुख्याने अमेरिकेतील विद्यापीठांत रूढ असलेली शिक्षणव्यवस्था होय. तिच्यात विद्यार्थी पदवी (बी.एस. किंवा बी.ए.) आणि पदव्युत्तर पदवी (एम.एस.) या दोन्ही सामान्यतः पाच वर्षांत पूर्ण करतो. एरवी पदवीस चार व पदव्युत्तर शिक्षणास दोन अशी सहा वर्षे लागतात. 'चार अधिक एक', 'संयुक्त पदवी' किंवा 'सलग पदवी' अशीही नावे या व्यवस्थेस आहेत. ती अनेक विद्याशाखांत उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात पेशी व रेणवीय जीवशास्त्र या विषयातील तिच्या स्वरूपाचा विचार केला आहे.

विषयाची ओळख
रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना पेशी हे नाव दिले. श्लायडेन व श्वान यांनी १८३८–३९ मध्ये पेशी सिद्धांत मांडला. दुसरीकडे, सजीवांतील रेणूंच्या अभ्यासाला 'रेणवीय जीवशास्त्र' ही संज्ञा वॉरन वीव्हर यांनी १९३८ मध्ये वापरली. वॉटसन व क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएची दुहेरी सर्पिल रचना प्रसिद्ध केल्यावर या शाखेला वेगाने बहर आला. पेशीतील घडामोडी जनुके व प्रथिने यांच्या आधाराने उलगडू लागल्या, तेव्हा दोन्ही प्रवाह एकत्र आले. म्हणूनच अनेक विद्यापीठांत त्यांची पदवी एकाच जोडनावाने दिली जाते.

श्रेयांकांची रचना
या व्यवस्थेचे मर्म श्रेयांकांच्या हिशेबात आहे. अमेरिकेत सत्रपद्धतीच्या विद्यापीठांत पदवीसाठी साधारणपणे १२० आणि पदव्युत्तर पदवीसाठी सुमारे ३० श्रेयांक लागतात. त्वरित मार्गावरील विद्यार्थी पदवीच्या चौथ्या वर्षीच काही पदव्युत्तर विषय घेतो आणि त्यांचे श्रेयांक दोन्ही पदव्यांसाठी धरले जातात. अशा सामाईक श्रेयांकांची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठ ठरवते.

उदाहरणार्थ, १२ श्रेयांक सामाईक धरले, तर एकूण १५० ऐवजी १३८ श्रेयांक पुरे होतात. पदवीनंतर १८ श्रेयांक उरतात. एका सत्रात ९ याप्रमाणे ते दोन सत्रांत, म्हणजे एका वर्षात, पूर्ण होतात. वेळेची बचत होते ती या दुहेरी गणनेमुळे. पदव्युत्तर विषयांची काठिण्यपातळी कमी केलेली नसते.

अभ्यासक्रम
प्रगत पेशी जीवशास्त्र, रेणवीय आनुवंशिकी, जीवरसायनशास्त्र, पेशीसंकेतन, संख्याशास्त्र व जैवमाहितीशास्त्र हे या अभ्यासक्रमातील नेहमीचे विषय होत. त्यांच्या जोडीला शोधनिबंधांचे वाचन व चर्चा यांसाठी परिसंवाद असतो. पदवीच्या वर्गात प्रस्थापित ज्ञान समजून घेण्यावर भर असतो. पदव्युत्तर परिसंवादात ते ज्ञान कोणत्या पुराव्यावर उभे आहे, याची चिकित्सा अपेक्षित असते. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा बदल पचवणे बहुधा विषयाच्या आशयापेक्षाही अवघड जाते.

पदवीचे दोन प्रकार आढळतात. प्रबंधासह पदवीत मूळ संशोधन करून प्रबंध लिहावा लागतो व समितीपुढे त्याचे समर्थन करावे लागते. प्रबंधाविना पदवीत त्याऐवजी अधिक विषय, प्रकल्प किंवा सर्वंकष परीक्षा असते.

प्रयोगशाळेतील संशोधन
अभ्यासाचे वर्ष कमी करता येते, पण पेशींची वाढ त्या वेळापत्रकानुसार होत नाही. ई. कोलाय हा जीवाणू पोषक परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो, यीस्टला साधारण दीड तास लागतो, तर प्रयोगशाळांत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या हीला या मानवी पेशींना सुमारे २४ तास लागतात. उंदरांचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असून पिल्ले प्रजननक्षम होण्यास आणखी सहा ते आठ आठवडे जातात. शिवाय प्रत्येक प्रयोग नियंत्रण नमुन्यांसह अनेकदा करावा लागतो आणि संवर्धनात बुरशी किंवा जीवाणू शिरल्यास आठवड्यांचे काम वाया जाते.

यामुळे प्रबंधासाठी केवळ पाचव्या वर्षावर विसंबून राहता येत नाही. पदवीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षीच एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काम सुरू करून पेशीसंवर्धन, पीसीआर, जेल विद्युतकणसंचलन, प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शन अशी तंत्रे शिकलेला विद्यार्थीच हा मार्ग समाधानकारकपणे पूर्ण करू शकतो. थोडक्यात, येथे संशोधनाचा काळ कमी होत नाही; तो अलीकडे ओढला जातो. प्रकल्प निवडतानाही यीस्ट किंवा संवर्धित पेशी यांवरील मर्यादित प्रश्न हा उंदरांच्या अनेक पिढ्यांवर अवलंबून असलेल्या प्रश्नापेक्षा सोयीचा ठरतो.

प्रवेश
प्रवेशासाठी अर्ज सामान्यतः तिसऱ्या वर्षी केला जातो. चारपैकी किमान ३ किंवा त्याहून अधिक श्रेणी सरासरी, आवश्यक विज्ञान विषयांची पूर्तता आणि प्राध्यापकांची शिफारस या नेहमीच्या अटी होत. प्रबंधाच्या मार्गासाठी मार्गदर्शक प्राध्यापकाची संमतीही लागते.

हा मार्ग बहुतेक ठिकाणी त्याच विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेणाऱ्यांपुरता मर्यादित असतो. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील जीवशास्त्राची सलग बी.एस.–एम.एस. योजना अशाच प्रकारची आहे. त्यामुळे भारतातून बी.एस्सी. होऊन अमेरिकेत जाणाऱ्या विद्यार्थ्याला सहसा या मार्गाचा लाभ मिळत नाही. त्याला नेहमीच्या एम.एस.साठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

खर्च व आर्थिक साहाय्य
एका वर्षाचे शुल्क व निर्वाहखर्च वाचणे हे या व्यवस्थेचे मोठे आकर्षण आहे. मात्र विद्यार्थ्याची नोंद 'पदवी' वर्गातून 'पदव्युत्तर' वर्गात कधी जाते, यावर प्रत्यक्ष बचत अवलंबून असते. गरजू विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या संघीय शासनाकडून मिळणारे पेल अनुदान सामान्यतः पहिली पदवी मिळेपर्यंतच असते. शिक्षण चालू असताना ज्याचे व्याज शासन भरते, असे कर्जही २०१२ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळत नाही. अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्याच्या बाबतीत पाचवे वर्ष त्यामुळे आधीच्या चार वर्षांपेक्षा महाग पडू शकते. प्रवेशापूर्वी विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाकडून ही बाब स्पष्ट करून घेणे आवश्यक ठरते.

उपयोग व मर्यादा
औषधनिर्मिती व जैवतंत्रज्ञान उद्योगांतील संशोधन साहाय्यकाची पदे, वैद्यकीय शिक्षणाची पूर्वतयारी आणि संशोधनाची आवड पारखून पाहणे, यांसाठी ही पदवी उपयुक्त ठरते.

पीएच.डी. हेच उद्दिष्ट निश्चित असलेल्यांसाठी मात्र ती अनिवार्य नाही. अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएच.डी.ला पदवीनंतर थेट प्रवेश मिळतो. तेथे बहुतेक विद्यार्थ्यांचे शुल्क भरले जाते व त्यांना विद्यावेतन मिळते, तर एम.एस.चा खर्च बहुधा विद्यार्थ्यालाच करावा लागतो. दोन्ही पदव्या एकाच विद्यापीठातून घेतल्याने निराळ्या प्रयोगशाळांचा व विचारपद्धतींचा परिचय कमी होतो, हीसुद्धा एक मर्यादा आहे. शिवाय वेगामुळे एखाद्या सत्रातील अपयश भरून काढण्यास फारसा अवकाश उरत नाही.

भारतातील समांतर व्यवस्था
भारतात तीन वर्षांची बी.एस्सी. व दोन वर्षांची एम.एस्सी. अशी पाच वर्षांची रचना दीर्घकाळ रूढ असल्याने वर्ष वाचवण्याचा प्रश्न त्या स्वरूपात उद्भवला नाही. पदवी व पदव्युत्तर शिक्षण एकसंध करण्याचे प्रयत्न मात्र झाले. पुणे येथे २००६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) पाच वर्षांचा बी.एस.–एम.एस. अभ्यासक्रम आहे. मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त केंद्रात २००७ पासून पाच वर्षांचा एकात्मिक एम.एस्सी. अभ्यासक्रम चालतो. दोन्हीकडे जीवशास्त्राचा पर्याय असून अखेरच्या वर्षात संशोधन प्रकल्पाला महत्त्व आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीची तरतूद करण्यात आली आहे. तिचा एकूण कालावधी अमेरिकेतील त्वरित पदवीइतकाच, म्हणजे पाच वर्षांचा असला, तरी दोन्ही एक नव्हेत. भारतीय योजनेत चौथे वर्ष हे मुळातच वाढीव आहे, तर अमेरिकी योजनेत चौथ्या वर्षाचे काही श्रेयांक दोनदा मोजले जातात.