पाणंदीवरची सायकल : मळीपासून सागरेश्वरच्या पायथ्यापर्यंत

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. आज आम्ही बोलणार आहोत सायकलीबद्दल. पण डांबरी रस्त्यावरच्या नव्हे, तर पाणंदीवरच्या. तुम्ही म्हणाल, बचत गटाचा आणि सायकलीचा काय संबंध? तोच आधी सांगतो.

दिवाळीच्या आसपास आमच्याकडे ऊसतोड सुरू होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. ट्रॉलीबाहेर ऊस लोंबत असतो. मागून ट्रॅक्टर आला की सायकलवाल्यानं साइडपट्टीवर उतरायचं, आणि साइडपट्टी तर खचलेली. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका मैत्रिणीची मुलगी कॉलेजला जाताना अशीच खाली उतरली आणि सायकलसकट चरीत पडली. हाताला प्लास्टर लागलं. घरच्यांनी ठरवलं, हंगाम संपेपर्यंत कॉलेज बंद. मासिक बैठकीत तिची आई म्हणाली, "पोरगीचं वर्ष जाणार."

तेव्हा आमच्यातल्या एका वयस्कर आक्का म्हणाल्या, "आम्ही लहानपणी डांबरीनं कधी गेलो होतो का? पाणंदीनं जायचो." तिथून हे सुरू झालं.

आता अशा रस्त्यांवर सायकल चालवायला शहरात 'ग्रॅव्हल बायकिंग' म्हणतात. म्हणजे खडी, मुरूम, मातीच्या वाटांवर लांब जाणं, जिथं मोटारी नाहीत. त्यासाठीच्या खास सायकली महाग असतात. पण त्यांच्यातली मुख्य गोष्ट समजून घेतली तर आपल्या सायकलीवरही पुष्कळ काम भागतं. ती गोष्ट म्हणजे टायर. आपल्या नेहमीच्या लेडीज सायकलीचा टायर साधारण साडेतीन सेंटीमीटर रुंद असतो. मुलं चालवतात त्या जाड टायरच्या सायकलीचा पाच सेंटीमीटरच्या आसपास. टायर जितका रुंद, तितकी हवा थोडी कमी ठेवता येते. हवा थोडी कमी असली की टायर खड्यावर दबतो, उसळत नाही आणि माती धरून ठेवतो. फार कमी केली तर मात्र दगडावर रिम आपटते आणि ट्यूब दोन ठिकाणी चावली जाते. म्हणून आम्ही अंगठ्यानं दाबून बघतो. जोर दिल्यावर थोडं दबलं पाहिजे, पण मऊ लागता कामा नये.

आमच्या गटानं अंतर्गत कर्जातून जाड टायरच्या तीन जुन्या सायकली घेतल्या. बाकीच्या जणी घरच्याच सायकली चालवतात.

आता वाट सांगतो. नदीला लागून असते ती मळी. पुराबरोबर आलेला गाळ वर्षानुवर्षं साचून झालेली ही जमीन. कृष्णाकाठची वांगी इथलीच. मळीतली गाडीवाट सपाट असते, पण माती बारीक आणि काळी. मळीतून वर आलं की पाणंद लागते, दोन्हीकडे ऊस. पुढे कराड-तासगाव रस्ता आणि पुणे-मिरज रेल्वे ओलांडावी लागते. एवढ्या दोनच ठिकाणी वाहनांशी गाठ. तिथं आम्ही खाली उतरतो, सायकल हातात धरून चालत जातो. रूळ फाटकातून नाहीतर मोरीखालूनच ओलांडायचे, जवळची वाट म्हणून मधूनच नाही. त्यानंतर जमीन चढायला लागते, काळी माती संपून मुरूम सुरू होतो आणि समोर सागरेश्वरचा डोंगर दिसतो.

सागरेश्वरचं अभयारण्य जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं. एकेकाळी हे डोंगर उघडे-बोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून इथं झाडं लागली, हरणं आणून सोडली गेली. म्हणून याला मानवनिर्मित अभयारण्य म्हणतात. आज तिथं चितळ आहेत, सांबर आहेत, मोर आहेत. आम्ही पायथ्याच्या वाटेनं कुंपणाबाहेरूनच जातो. आत जायचं असेल तर गेटवर तिकीट काढून, वनखात्याचे नियम विचारूनच जावं.

चालवण्याच्या चार गोष्टी आम्ही पडून-झडून शिकलो, त्या अशा.

पहिली, ब्रेक. बहुतेक सायकलींचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. आपापला तपासून घ्या. सुट्या खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक सरकतं आणि बाई खाली. वेग आधीच कमी करायचा, मागचा ब्रेक हळूहळू लावायचा, आणि वळणावर ब्रेक लावायचाच नाही.

दुसरी, हात. हँडल आवळून धरू नका. कोपर थोडे वाकलेले ठेवा. खडबडीत जागी सीटवरून किंचित उठा, म्हणजे हादरा पाठीला न बसता पायांवर जातो. नजर चाकाखाली नको, दहा-बारा पावलं पुढे हवी.

तिसरी, चिखल. मुरूम पावसानंतर लवकर वाळतो. काळी माती मात्र चाकाला लपेटते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचं थांबतं. तेव्हा जोर लावू नका, चेन तुटेल. काठीनं माती काढा आणि घरी जा. मोठा पाऊस झाला की मळीची वाट वाळेपर्यंत आम्ही तिकडे फिरकतच नाही.

चौथी, काटे. पाणंदीला बाभळी असतातच. पंक्चर काढताना ट्यूबला ठिगळ लावून थांबू नका. टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा तिथंच राहिला तर दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर. पंप, ठिगळं आणि पाण्याची बाटली तिघींत मिळून एक तरी संच हवाच. साडीचा पदर, ओढणी चाकात जाणार नाही अशी खोचून घ्या.

आणि जिवाच्या गोष्टी. आमच्या कृष्णेत मगरी आहेत. सायकल धुवायला किंवा पाय बुडवायला नदीत उतरायचं नाही, कितीही ऊन असो. ऊसपट्ट्यात बिबट्याही फिरतो, म्हणून एकटीनं जायचं नाही आणि अंधाराच्या आत घरी. पावसाळ्यात मळी नदीची, आपली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. म्हणून आमची मळीची वाट दसऱ्यानंतर सुरू होते आणि पहिल्या वळवाला थांबते.

आता शेवटची आणि अवघड गोष्ट. आमच्या पाणंदीचा एक तुकडा नांगरून त्यावर ऊस लावलेला होता. आम्ही तलाठी कार्यालयात जाऊन गाव नकाशा पाहिला. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेघांनी आणि पायवाट एकेरी तुटक रेघेनं दाखवलेली असते. आमची वाट दुहेरी होती. म्हणजे ती गावाची होती. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पाणंद दुरुस्तीसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आली. त्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडता येतो.

अर्ज लिहून झाला. बैठकीत वाचला. तेव्हा गटातली एक जण खाली मान घालून म्हणाली, "तो ऊस आमच्याच मालकांनी लावलाय." कोणी काही बोललं नाही. तिचं नाव अर्जावर आणायचं कसं? आणि अर्ज केला नाही तर पोरींनी जायचं कसं? सहा महिन्यांतले चार संपत आले होते.

शेवटी तिनंच घरी विषय काढला. आम्ही पाच जणी तिच्या घरी गेलो, नकाशाची नक्कल घेऊन. पहिल्या दिवशी चहासुद्धा मिळाला नाही. दुसऱ्यांदा तिचे सासरे म्हणाले, "याच वाटेनं मी बैलगाडी हाणलीय." जानेवारीत ऊस तुटला तेव्हा त्यांनी कडेची एक पट्टी मोकळी सोडली. पूर्ण गाडीवाट नाही, पण सायकल जाते. राहिलेल्या रुंदीसाठी अर्ज करायचा का, यावर आमच्यात आजही दोन मतं आहेत. ग्रामसभेत ठराव मात्र आम्ही दिला आहे, आणि त्यावर त्या मैत्रिणीची सही आहे.

त्या मुलीचं वर्ष वाचलं. बुडालेला अभ्यास तिनं मैत्रिणींच्या वह्यांवरून भरून काढला. आता ती तिघींबरोबर पाणंदीनं जाते. रविवारी आम्ही बायका जातो. डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन-येऊन साधारण पंधरा किलोमीटर होतात. आमच्यातल्या चार जणी चाळिशीनंतर सायकल शिकल्या. त्यातल्या एक म्हणतात, "लग्नानंतर पहिल्यांदाच कामाशिवाय गावाबाहेर गेले."

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढंच करा. म्हाताऱ्या आक्कांना विचारा, पूर्वी कुठल्या वाटेनं जायचात? मग तलाठी कार्यालयात जाऊन नकाशा बघा. तुमच्या गावातही एखादी दुहेरी तुटक रेघ असेल. ती वाट अजून चालू आहे का, तेवढं पाहून या.