लाजेपायी लपवलेले दुखणे

मित्रांनो, विषय बद्धकोष्ठाचा आहे, म्हणून हसू नका. मीही तो हसण्यावारी नेला आणि बरेच दिवस भोगले.

पहाटे पीटीची शिट्टी आणि शौचालयासमोर रांग. ‘नंतर जाऊ’ म्हणत मी रोज कळ दाबायचो. परेडमध्ये लघवी लागू नये म्हणून पाणीही कमी प्यायचो. हळूहळू शौचाला खडा होऊ लागला, कुंथावे लागे. एके दिवशी रक्त दिसले. घाबरलो, पण लाजेने कोणालाच सांगितले नाही.

उन्हाळी सुट्टीत रायपूरला, पंडरीच्या घरी आलो. शौचाच्या भीतीने मी जेवण कमी केले होते. आजीने ते ताटावरूनच ओळखले. “अरे, अर्ध्या पोळीवर कसा उठतोस?” तेव्हा कुठे मी बोललो. बाबा डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी समजावले. मोठे आतडे मळातले पाणी शोषते. मळ जितका जास्त वेळ थांबेल, तितका कोरडा होतो. टणक मळाने गुदद्वाराच्या नाजूक त्वचेला चीर पडते, तिला ‘फिशर’ म्हणतात. दुखते म्हणून आपण शौच रोखतो, मळ आणखी टणक होतो आणि चीर पुन्हा उघडते.

“मग जुलाबाची गोळी घेऊ?” मी विचारले.

“नको. सोनामुखीसारखी औषधे आतड्याला जोर लावायला लावतात. तुला जोर नको, मऊपणा हवा.”

मऊपणा आणणारी औषधे निरनिराळ्या पद्धतीने काम करतात. ईसबगोलचा भुसा पाणी धरून फुगतो. तो पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावा, नाहीतर घशात अडकू शकतो. लॅक्टुलोज ही न पचणारी साखर आतड्यात पाणी ओढून आणते. डॉक्युसेट साबणासारखे काम करून मळात पाणी मुरू देते. मला लॅक्टुलोज दिले. शिवाय भरपूर पाणी, भाजी, फळे आणि रोज दोनदा दहा मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसणे. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागले. सुट्टी संपेपर्यंत चीर भरून आली.

आता मी शिट्टीच्या अर्धा तास आधी उठतो आणि कळ दाबत नाही. तुम्हीही दाबू नका. औषध मनाने घेऊ नका. रक्त दिसले, पोट फुगले किंवा उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. गुडघा फुटला तर आपण लगेच सांगतो ना? मग हेही सांगायला हवे.

— एक कॅडेट, इयत्ता ११ वी