पिंपातही ओक, बुचातही ओक

पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली मुरलेली रेड वाइन उघडताना एक गंमत लक्षात घ्या. ती मुरली ओकच्या पिंपात आणि तिच्या तोंडाला बसलेलं बूच, तेही एका ओकचीच साल! कॉर्क-ओकचं झाड साधारण २५ वर्षांचं झालं की पहिल्यांदा सोलतात, मग दर नऊ वर्षांनी. बाटलीच्या बुचाजोगी साल मिळते ती तिसऱ्या खेपेला. थोडक्यात, आजोबांनी झाड लावायचं आणि बूच नातवानं काढायचं. जगातलं जवळपास निम्मं कॉर्क पोर्तुगालचंच.

लेबलवर ‘विन्याश वेल्याश’ दिसलं तर द्राक्षं जुन्या वेलींची. अशा वेलींना घड कमी, पण रस दाट. आणि बागेत जातींची नुसती खिचडी! कीन्ता दो क्रास्तोच्या ‘मारिया तेरेझा’ बागेत पन्नासहून जास्त जाती एकमेकींत मिसळून उभ्या आहेत. एकाच जातीच्या वाइनपेक्षा मला हीच भेसळ जास्त आवडते.

या वेलींची मुळं मात्र बहुतेक परदेशी. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीनं युरोपातल्या बागा फस्त केल्या, तेव्हा अमेरिकी खुंटावर कलमं बांधून त्या पुन्हा उभ्या केल्या. नाशिक-सांगलीचे बागायतदार ज्या डॉगरिज खुंटावर कलम करतात, तोही मूळचा अमेरिकेचाच.

दोरूची ख्याती आधी पोर्टची. आंबवणं अर्ध्यावर असताना त्यात द्राक्षाचं कडक मद्य ओततात, आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते, म्हणून ती गोड. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी गोड रेड तिची नावबहीण फक्त. गोडवा नसलेल्या दोरू रेडचा दबदबा वाढला तो ‘बार्का वेल्या’ या वाइनमुळे. तिचं पहिलं वर्ष १९५२. बागेत वीज नव्हती, म्हणून आंबणारा रस गार ठेवायला किनाऱ्याकडून ट्रकनं बर्फ आणावा लागे. आजही ती दरवर्षी निघत नाही.

आता ग्लास नाकाशी न्या. लवंगेचा वास येतोय? भास नाही तो. लवंगेतलं युजेनॉल भाजलेल्या ओकमध्येही असतं. व्हॅनिला आणि ओल्या खोबऱ्याची झाकही लाकडाचीच. गर्द फळांचा आणि जांभळ्या फुलांचा वास द्राक्षाचा. नुसतं लाकूडच नाकात भरलं, तर पिंपवाल्यानं बागायतदारावर कुरघोडी केली म्हणायची.

जीभ कोरडी पडते ती टॅनिनमुळे. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. सोबत चरबीदार मटण असलं की हा तुरटपणा निवतो. एप्रिलातल्या पुण्यात बाटली आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. १६ ते १८ अंशांवर ती खुलते, ३५ अंशांवर नुसती अल्कोहोलची वाफ नाकात जाते.